सीपीयूच्या पोटातलं कुंकू

समस्त सज्जनांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मयूर विहारमधील एका सुशिक्षित घरातील संगणकास खंडेनवमीच्या मुहूर्तावर यथासांग हळदकुंकू वाहण्यात आले, आणि दसरा उलटताच सदर संगणकाने डोळे मिटले. मंडळी शोकाकुल आहेत. झेंडूची फुले अजून ताजी आहेत.

ही बातमी मला अनघाने फोनवर दिली. अनघा सरकारी कार्यालयात अधिकारी आहे. एरवी ती टिपणी लिहिल्यासारखं मोजून बोलते. त्या सकाळी मोजमाप सुटलं होतं.

"वंदनाताई, तीन वाजता सायलीची टेस्ट आहे. आणि कॉम्प्युटर नुसता टूं-टूं करतोय!"

सायली तिची मुलगी, नवीकोरी आर्किटेक्ट. गुडगावच्या एका फर्मने तिला ऑनलाइन टेस्टला बसवलं होतं. तीन ते सहा स्क्रीनसमोर बसून एका घराचे नकाशे काढायचे आणि फर्मचे लोक पलीकडून बघणार. मध्येच बंद पडलात तर बाद, असं मेलमध्ये स्वच्छ लिहिलेलं. तिचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर त्या एकाच मशीनवर होतं.

"अप्पांनी काहीतरी केलंय," अनघा आवाज खाली आणून म्हणाली. "पण ते सांगत नाहीयेत."

मी पंचवीस वर्षं दिल्लीत संगणक दुरुस्त करते. उंदीर पाहिलेत, झुरळं पाहिलीत, एकदा सीपीयूच्या आत लपवलेलं मंगळसूत्रही पाहिलंय. मला धक्का बसत नाही, असा माझा समज होता. तो त्या दिवशी खोटा ठरायचा होता. मी मेट्रो पकडली आणि साडेअकराला त्यांच्या दारात चपला काढल्या.

अप्पा, म्हणजे अनघाचे वडील, खुर्चीत ताठ बसले होते. वय ऐंशीच्या घरात. पुण्याजवळच्या एका कारखान्यात चाळीस वर्षं लेथ चालवलेला माणूस. अनघाच्या आई गेल्यावर ते लेकीकडे आले.

"अप्पा, पूजा कुठे केलीत?" मी विचारलं.

"जिथे करायची तिथे."

"म्हणजे?"

"आत."

अनघाने कपाळावर हात मारला. अप्पांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते माझ्याशी, एका कारागिराने दुसऱ्याशी बोलावं तसं बोलू लागले. "आम्ही खंडेनवमीला लेथ उघडायचो. आतून साफ करायचो, तेल द्यायचो, मग फिरणाऱ्या दांड्याला, स्पिंडलला कुंकू. नुसतं वरच्या पत्र्याला कुंकू लावणं म्हणजे नवरदेव सोडून त्याच्या कोटाला टिळा लावण्यातला प्रकार. तुमच्याकडे काय करतात?"

"आम्ही नागपूरचे बौद्ध, अप्पा. दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीवर. मशीनला सुट्टी."

"ते बरं," अनघा म्हणाली. "निदान चालू तरी राहते."

मी प्लग काढला, सीपीयूचं बाजूचं झाकण सरकवलं आणि फरशीवर बसकणच मारली.

देवा रे! हे आमच्या धंद्यात देव न मानणारेही म्हणतात. प्रोसेसरच्या पंख्यावर पाच कुंकवाची बोटं. पंख्याच्या मधोमध तेलाचा थेंब. दोन्ही रॅमच्या पट्ट्यांवर ओल्या हळदीचे टिळे, तेही एका रेषेत, कारागिराच्या हाताचे. आणि सगळीकडे अक्षता.

"आजोबा, ये चावल अंदर क्यों डाला यार?" सायली किंचाळली. तिचा जन्म दिल्लीतला. अक्षता हा शब्द तिच्यापर्यंत पोचलेला नव्हता.

आता रॅम म्हणजे काय, ते दोन वाक्यांत. हार्ड डिस्क हे कपाट, रॅम हा ओटा. कपाटात कितीही सामान असू द्या, चिरायचं, मळायचं ते ओट्यावर. ओटा नसेल तर संगणक स्वयंपाकच सुरू करत नाही, उभा राहून टूं-टूं अशी बोंब ठोकतो. पट्ट्या बाहेर काढल्या. एका खाचेत तांदळाचा दाणा आडवा पडलेला. म्हणजे खाली साफसफाई करताना अप्पांनी पट्ट्या काढल्या होत्या!

"काढल्या तर काय झालं? लावल्या ना परत," अप्पा म्हणाले. "त्यांना खटका आहे दोन्ही बाजूंना. सोपं आहे."

मला रागही आला आणि कौतुकही वाटलं. चिमट्याने दाणा काढला. पट्ट्यांच्या सोनेरी कडा सायलीच्या खोडरबराने घासल्या. हो, खोडरबर. महागडी औषधं आहेत, पण माझ्या पिशवीत पंचवीस वर्षं खोडरबरच आहे. पंख्याचं तेल पुसलं, पट्ट्या बसवल्या, बटण दाबलं. एकच छोटा टूं. स्क्रीन उजळला. अनघाने मला मिठी मारली. साडेबारा वाजले होते. मी विजयी मुद्रेने चहा मागितला.

चहा आला आणि संगणक गेला. फट्‌कन बंद, आणि आपला आपण पुन्हा सुरू.

"अप्पा!" अनघा ओरडली.

"मी इथे बसलोय! हात तरी लावला का?"

आता शंका रॅमवरच. एक पट्टी काढून दुसरी चालवली, मग उलट केलं, खाचा बदलल्या. पेन ड्राइव्हवरून मेमरीची तपासणी लावली. हा प्रोग्रॅम ओट्याची प्रत्येक फरशी ठोकून बघतो. वीस मिनिटं एकही चूक नाही. एकविसाव्या मिनिटाला, फट्‌! मेमरी निर्दोष, आणि मरण ठरलेलं.

मग राहिली वीज. सीपीयूत मागच्या बाजूला एक पत्र्याचा डबा असतो, एसएमपीएस. भिंतीतली दोनशेतीस व्होल्टची वीज तो बारा आणि पाच व्होल्टमध्ये वाटून देतो. तो म्हातारा झाला की असे झटके येतात. माझ्याकडे जास्तीचा होता. प्लग काढून बसवला, प्लग लावला. सव्वा वाजला होता. सायली नखं खात होती.

"झालं," मी म्हणाले, आणि झाकण सरकवण्यासाठी सीपीयूला हात घातला.

पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की कोपरापर्यंत कुणीतरी हातोडी मारली, स्क्रूड्रायव्हर झेंडूत जाऊन पडला आणि मी "आई गं!" असं ओरडले. खालच्या मजल्यावरच्यांनी खिडकीतून विचारलं, सब ठीक है?

सगळ्यात मोठा धक्का यानंतरचा आहे. अनघाने मला शांतपणे, अगदी काळजीने विचारलं, "अहो ताई, तुम्ही चपला नाही घातल्या?"

"कसल्या चपला?"

तिने टेबलाखाली बोट दाखवलं. तिथे निळ्या रबरी चपलांचा एक जोड शिस्तीत ठेवलेला होता.

"कॉम्प्युटरच्या चपला," सायली म्हणाली. "त्या घालूनच बसायचं. नाहीतर कधीकधी झुणझुण होतं."

"कधीपासून?"

"आम्ही राहायला आलो तेव्हापासून. चार वर्षं झाली," अनघा म्हणाली. "इलेक्ट्रिशियनला विचारलं होतं ना. तो म्हणाला, थोडा बहुत करंट तो आता ही है."

एमए झालेली बाई, आर्किटेक्ट मुलगी, चाळीस वर्षं मशीनवर काढलेला बाप. आणि घराचा कायदा काय? चपला घाला! अप्पासुद्धा मान खाली घालून म्हणाले, "लेकीचं घर. मी म्हटलं, दिल्लीत असंच असेल."

मी मल्टिमीटर काढला. व्होल्ट मोजायचं हे घड्याळ. प्लगच्या तीन भोकांपैकी वरचं मोठं भोक अर्थिंगचं. ती तार थेट जमिनीत जाते. उपकरणात वीज गळाली तर ती माणसातून न जाता या तारेतून मातीत जावी, म्हणून ती असते. तिथे जवळजवळ शून्य व्होल्ट हवेत. माझ्या घड्याळाने नव्वद दाखवले.

मी बघत असतानाच आकडा धपकन दोनवर आला. थोड्या वेळाने पुन्हा नव्वद. त्याच क्षणी संगणक फट्‌.

"पुन्हा लागला," अप्पा म्हणाले.

"काय लागलं?"

"गिझर. इथून दिवा दिसतो बाथरूमचा. मघापासून बघतोय. लाल दिवा लागला की तुमचं हे मशीन मरतं. मी सांगणार होतो, पण आज या घरात माझं कोण ऐकतंय?"

मी उठून त्यांना नमस्कारच केला. कारण उलगडा झाला होता. अप्पांना बारा महिने गरम पाणी लागतं. एरवी गिझर सकाळी पंधरा मिनिटं चालतो आणि अंघोळीआधी बंद होतो. आज लेक रागावली म्हणून ते रुसले, अंघोळीला गेलेच नाहीत आणि गिझर सकाळपासून चालूच राहिला. पाणी निवलं की आपोआप सुरू, तापलं की बंद. त्याची आतली कॉइल फुटली होती, वीज पत्र्यावर गळत होती. घरातल्या सगळ्या अर्थिंगच्या तारा एकत्र जोडलेल्या होत्या, पण जमिनीत काही पोचत नव्हतं. म्हणून गिझरची वीज संगणकाच्या पत्र्यावर येत होती. संगणक सगळं शून्यापासून मोजतो, आणि इथे त्याचं शून्यच उड्या मारत होतं. तो बिचारा काय करणार?

"म्हणजे अंघोळीचं पाणी..." अनघा पुटपुटली. तिचा चेहरा पांढरा पडला.

"अप्पा रुसले ते बरं झालं," मी म्हणाले. "आज रागाच्या भरात गिझर चालू ठेवूनच गेले असते, तर नळाला हात लावताच झटका बसला असता."

अनघा अप्पांच्या खुर्चीजवळ जाऊन नुसती उभी राहिली. अप्पांनी तिच्या हातावर थोपटलं. "रडायचं ते नंतर रड. आधी मुलीची परीक्षा."

पावणेदोन वाजले होते. अर्थिंग दुरुस्त करायचं तर अख्ख्या घराची वीज घालवावी लागली असती, आणि तेवढा वेळ नव्हता. मी मीटरजवळच्या पेटीत गिझरचा खटका पाडला, वर चिकटपट्टी लावली, त्यावर सायलीकडून धोक्याची कवटी काढून घेतली. मल्टिमीटर दोनवर स्थिर झाला. संगणक अर्धा तास, पाऊण तास चालला. तीनला पाच मिनिटं असताना सायली बसली, आणि पंचवीस वर्षांच्या अनुभवाअंती मी त्या मुलीला व्यावसायिक सल्ला दिला, "चपला घाल."

चारला सोसायटीचे इलेक्ट्रिशियन राजबीरजी आले. आले ते थेट मेन स्विचकडेच हात नेत. अनघा पेटीला पाठ लावून उभी राहिली. कार्यालयात सचिवांनाही तिने कधी असं अडवलं नसेल. "छह बजे तक कोई हाथ नहीं लगाएगा!" राजबीरजी दोन तास सोफ्यावर बसले, तीन चहा प्यायले आणि बंद दाराकडे आमच्याबरोबर बघत राहिले. आतून फक्त माउसची टिकटिक येत होती. ती थांबली की आम्ही चौघे श्वास रोखायचो.

सहा वाजून दोन मिनिटांनी दार उघडलं. "हो गया," सायली म्हणाली आणि तिथेच खाली बसली. आठवड्याने फर्मचा होकार आला. गिझर नवा बसला, अर्थिंगची तार मातीत गेली, चपला बाल्कनीत गेल्या.

यातून शिकायचं ते एवढंच. संगणक विनाकारण बंद पडत असेल तर आधी भिंतीला विचारा, मग संगणकाला. आणि एखाद्या वस्तूला हात लावायला चपला घालाव्या लागत असतील, तर ती घराची रीत नव्हे, ती तक्रार आहे.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. सहानंतर मेन बंद करून राजबीरजींनी पेटीची मागची पाटी काढली, तेव्हा घरातली अर्थिंगची मुख्य तार सापडली. ती जमिनीकडे जातच नव्हती. भिंतीत ठोकलेल्या एका खिळ्याला तिचे सहा वेढे घातलेले होते.

अप्पा टॉर्च घेऊन पुढे झाले. कारखान्यातला जुना आवाज काढून त्यांनी विचारलं, "ये किसने बांधा?"

राजबीरजींनी खिळा ओळखला. चार वर्षांपूर्वी त्यांनीच ठोकला होता. त्यांनी तो दोन बोटांनी हलवून पाहिला, आणि त्यांचा चेहरा दुखावला गेला.

"पर बाउजी, कील तो आज तक हिली नहीं!"