लेप्टिसचं रिकामं देऊळ

ट्रिपोलीहून लॉरी निघाली तेव्हा गाडीत आम्ही दोघंच होतो, पण इस्माईलच्या डोक्यात शिरलेली नोकरी तिसरी म्हणून मध्ये बसली होती. मी अणदूरचा, तो नळदुर्गचा. निजामाच्या मुलुखातून सोलापूरला येऊन दोघं एकाच दिवशी फौजेत भरती झालो, तेव्हा त्याच्या आईनं माझा हात धरला होता. "शिवा, पोराला संगं नेतोस, संगंच घेऊन ये."

आता लढाई संपली होती. पंधरा दिवसांत आमचं जहाज सुटणार होतं. आणि हा बाबा म्हणतो, इथल्या एका मोटार दुरुस्तीवाल्यानं ठेवून घेतो म्हटलंय, साहेब कागद करून देतायत, मी राहतो! संध्याकाळपर्यंत जबाब द्यायचा होता. म्हटलं, सुट्टीचा दिवस आहे, ह्याला शहरापासून लांब न्यावा आणि नीट समजवावा.

अडीच-तीन तासांनी रस्ता वळला आणि वाळूतून वर आलेले खांबच खांब दिसले. पलीकडं निळाभोर समुद्र. रोमन काळातलं हे शहर, लेप्टिस. रस्त्यांच्या फरशीवर गाड्यांच्या चाकोऱ्या अजून स्पष्ट दिसत होत्या. बंदर मात्र वाळूनं बुजलेलं, धक्क्याच्या पायऱ्यांवर गवत वाढलेलं.

बाजारात गेलो आणि मी थबकलोच. दगडी ओट्यात लहान-मोठे खळगे कोरले होते, धान्य मोजायला. अगं आई गं, ही तर पायली! आमच्या दुकानात पायलीनं ज्वारी मोजतच मी मोठा झालो. मी त्या खळग्यात कोपरापर्यंत हात घालून उभा राहिलो. घरची इतकी आठवण आली की इस्माईलला काय समजवायचं तेच विसरलो.

दुपारी तिथल्या हारिसनं (राखणदारानं) आम्हाला सावलीत बोलावलं. लाल टोपीचा म्हातारा, मोठा मायाळू. त्यानं बाझीन (जवाच्या पिठाचा उकडलेला गोळा) आणि भोवती तांबडं कालवण असं एकाच ताटात वाढलं. तिघांनी त्यातूनच खाल्लं.

जेवून तिघंही उंच जोत्यावरच्या एका देवळापाशी गेलो. सवयीनं मी बूट काढले आणि खडबडीत दगडांवर अक्षरशः नाचत वर चढलो. गाभारा रिकामा होता, नुसता चौथरा. मी इस्माईलला म्हणालो, "म्हाताऱ्याला विचार, देव कुठल्या गावाला गेलाय आणि परत कधी येणार?"

आमचा खंडोबा वर्षातले थोडे महिने नळदुर्गला आणि बाकीचे अणदूरला असतो. दोन्ही गावचे लोक लेखी करार करून पालखीतून देव नेतात, आणतात. रिकामा गाभारा म्हणजे देव दुसऱ्या गावी, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक.

इस्माईल हसून हसून खाली बसला. मग मोडक्यातोडक्या अरबीत त्यानं म्हाताऱ्याला सगळं समजावलं. म्हातारा मात्र हसला नाही. त्यानं विचारलं, "मग आत्ता तुमचा देव कोणत्या गावात आहे?"

"अणदूरला," मी म्हणालो.

"कायकू? नळदुर्गला हाय!" इस्माईल म्हणाला.

जुंपली की आमची! मी बोटांवर महिने मोजायला लागलो. कार्तिक चाललाय, मार्गशीर्ष की पौष? फौजेत सगळा कारभार इंग्रजी तारखांचा, आणि त्या वाळूत ना पेरणी दिसायची ना सुगी. काही केल्या हिशेब लागेना.

"इस्माईल, चल बाबा घरी. आपल्याला महिनासुद्धा कळेना झालाय रे."

तो उठला, विजारीची वाळू झटकली. "तेच म्हंतो म्या. एवढं इसरलो, तरी जगतोय का न्हाय? लई बेस जगतोय. तिकडं गेलो की दुसऱ्याची बैलगाडी हाकायची. हितं इंजिन हाय माझ्या हाताखाली. तू जा, शिवा."

मी चिडलो, नाही नाही ते बोललो. "तुझ्या आईला काय तोंड दाखवू?" तो लॉरीकडं चालू लागला. संध्याकाळी ट्रिपोलीत पोहोचल्यावर सरळ त्या दुरुस्तीवाल्याकडं गेला आणि हो म्हणून आला.

जहाज, मुंबई, सोलापूर असं करत मी मुलुखात परतलो. सोलापूरहून येताना अणदूर आधी लागतं. मोटार थांबली, आमच्या दुकानाचं छप्परही दिसलं, पण मी उतरलो नाही. तसाच पुढं नळदुर्गला गेलो.

चाची, म्हणजे इस्माईलची आई, दारात ज्वारी निवडत होती. सूप ठेवून उठली. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं बघितलं.

"जिंदा है ना रे?"

"व्हय चाची, खुशाल हाय. मोठं काम मिळालंय त्याला."

"रोटी कौन देता उसकू?"

"मालकाच्या घरीच जेवतो," मी म्हणालो. मला काहीच माहीत नव्हतं.

"कधी यील?"

"वर्षभरात."

लेप्टिसचं वर्णन मी आजवर पुष्कळांना ऐकवलं. खांब, बाजार, तो निळा समुद्र. ऐकणारे खूश होतात. चाचीला त्यातलं काही नको असायचं. मी नळदुर्गला गेलो की ती एवढंच विचारायची, कधी यील, आणि दर खेपेला मी म्हणायचो, वर्षभरात. ती गेली तेव्हा लेकाच्या वाट्याची मूठभर माती तिच्या कबरीवर मीच टाकली.