चंद्रावती आणि भाविनीची धाव

बोंबील वाळत घालायचे तर दोन-दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकावे लागतात. चंद्रावतीचे हात हे काम झोपेतही करतील. लग्न होऊन धाकटी डहाणू गावात आली तेव्हापासूनची प्रत्येक थंडी तिनं या दोऱ्यांखाली काढली. पाठीचं दुखणंही आता घरचंच झालं होतं. कुणी त्याची विचारपूस करत नसे.

२०१७ ची थंडी. टोपलीपाशी तिची लेक भाविनी उभी होती. नववीतली, लहानपणापासून दम्याची.

"आई, शितलबाईंनी पुळणीवर बोलावलंय. धावायला."

"तुला?"

"दम्याच्या पोरांनाच. जोरात धावायचं, मग चालायचं, परत जोरात. शाळेत मुंबईचे डॉक्टर येऊन सांगून गेले."

"त्यांना स्वतःची पोरं नाहीत वाटतं!"

बाजूला जाळं सांधत बसलेल्या रामूनं, चंद्रावतीच्या नवऱ्यानं, मान वर केली. "होडीचं इंजिन असं सारखं रेस केलं, सोडलं, रेस केलं, की बसतं. काळजाचं काय वेगळं?"

चंद्रावतीलाही तेच भय होतं. विवळवेढ्याच्या जत्रेत धुळीनं भाविनीला धाप लागली होती. औषधाचा पंप ओढल्यावर श्वास मोकळा झाला, पण काळीज असं धडधडायला लागलं की संध्याकाळपर्यंत थांबेना. दमा छाती धरतो आणि पंप काळीज खातो, हे तेव्हापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलं. पंप तिनं मिठाच्या बरणीमागे दडवला. अगदी गळ्याशी आलं तरच बाहेर काढायची.

शितलबाई, शाळेतल्या खेळाच्या बाई, घरी आल्या. आधी भाविनीचं काळीज तपासून घेऊ म्हणाल्या. वाद घालायला चंद्रावतीच्या अंगात त्राण नव्हतं. "न्या दवाखान्यात. मीपण येते," एवढंच ती म्हणाली.

डहाणूच्या डॉक्टरणीनं भाविनीच्या काळजाची सोनोग्राफी केली. पडद्यावर काहीतरी मिटत होतं, उघडत होतं.

"हे बघा मावशी, काळीज ठणठणीत आहे. पंपानं धडधड होते, थोड्या वेळानं जाते. पण धापेच्या भीतीनं पोरगी बसून राहिली तर हेच काळीज सुस्तावेल."

"आणि धावून धावून थकलं तर?"

"म्हणून तर मध्ये चालायचं. असं थांबत थांबत धावलं की एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायची सवय लागते त्याला. फक्त आधी पंप घ्यायचा. लपवायचा नाही."

चंद्रावतीनं मान खाली घातली. पंप लपवल्याचं भाविनीनंच सांगितलं असणार, हे तिला कळलं.

पुढे बरेच दिवस भाविनी धावत राहिली आणि चंद्रावती धास्तावत. शेवटी एका सकाळी न राहवून ती पुळणीवर गेली. भाविनी सुटली, वाळू उडवत. मग चालली. पुन्हा सुटली. परत येताना छातीतून बारीक शिट्टी वाजत होती.

"भाविनी, बस आता! पंप घे!" शितलबाई ओरडल्या. भाविनीनं थांबून पंप ओढला.

चंद्रावतीनं माशांच्या वासाचा हात लेकीच्या छातीवर ठेवला. आत नुसता दणदणाट. जत्रेतल्यासारखा. आता हा थांबायचा नाही, असं वाटून तिनं डोळे मिटले.

हळूहळू तो उतरला. जत्रेच्या दिवशी संध्याकाळपर्यंत न निवलेलं काळीज हाताखाली निवत गेलं. शिट्टीही विरली.

"आई, हात काढ ना. सगळे बघतायत."

"बघू देत." तिनं हात काढला नाही. "रोज येत जा. घरचं मी बघते."

"एकटी? पाठ दुखते ना तुझी?"

"ती काय, तू असलीस तरी दुखतेच." चंद्रावती ओल्या वाळूत मटकन बसली. "जा, आता चाल थोडी. मी बसते इथं. लगेच उठवू नकोस."

भाविनी चालायला लागली.