रेल्वेने पाठवलेलं व्हार्निश

कारखान्यात तिला सगळे टाचणीबाई म्हणत. कागदातली एवढीशी चूकही तिच्या नजरेतून सुटत नसे. कारखाना लाकडावर लावायचं पाण्यातलं व्हार्निश बनवायचा, आणि परदेशी जाणारं प्रत्येक पिंप जहाजाने जाईल, रेल्वेने की विमानाने, हे एकोणीस वर्षं तीच ठरवत होती. माल पोचवून देणारे दलाल तिला टरकून असत. गाडी अडकली तर काय, डबा तापला तर काय, असे प्रश्न विचारून ती त्यांच्या नाकीनऊ आणायची.

त्या हिवाळ्यात शाळेची बाकं बनवणाऱ्या एका दूरच्या कारखान्याने दोनशे पिंपं मागवली, तीही महिन्याभरात. जहाजाला पन्नास दिवस लागणार होते. सगळा माल विमानाने पाठवायचा म्हटलं, तर व्हार्निशच्या किमतीपेक्षा भाडंच जास्त झालं असतं. पॅकिंगचा म्हातारा मुकादम म्हणाला की वीस पिंपं विमानाने पाठवावीत, तेवढ्यावर त्यांचं काम सुरू होईल, बाकीची जहाजाने जाऊ द्यावीत. ही युक्ती त्याला तिनेच कधीकाळी शिकवलेली होती. उद्या सांगते, असं म्हणून ती घरी गेली.

घरी धाकटा भाऊ येऊन बसला होता. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ही सतरा वर्षांची. वेणीफणी सोडली तर आईने करायचं ते सगळं त्याच्यासाठी हिनेच केलं, असं नातेवाईक थट्टेने म्हणत. दोन नोकऱ्या त्याच्या हातून गेल्या होत्या. आता रेल्वेने माल पाठवणाऱ्या एका दलालाकडे तो नुकताच लागला होता आणि महिनाभर त्याला एकही गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. चहा निवून गेला तरी त्याने कपाला हात लावला नाही.

"वीस दिवसांत पोचतं, ताई," तो म्हणाला. "डब्याला आतून जाड अस्तर असतं. वाटेत थंडी आहे, पण तीन-चार दिवस गाडी उभी राहिली तरी माल गोठत नाही."

पाचव्या दिवशी काय होईल, हे ती दुसऱ्या कुठल्याही दलालाला विचारल्याशिवाय राहिली नसती. त्याच्याकडे बघून तिने विचारलं, "जेवून जाणार ना?"

दुसऱ्या दिवशी तिने रेल्वे ठरवली. मुकादमाने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि पिंपं बांधायला घेतली.

सीमेवर रुळांमधलं अंतर बदलतं, तिथे मालाचे डबे उचलून दुसऱ्या गाडीवर ठेवतात. एका दिवसाचं काम, पण क्रेन बिघडली आणि डबा उघड्या यार्डात अकरा दिवस बर्फात उभा राहिला. पिंपं पोचली तेव्हा आतलं व्हार्निश दूध नासावं तसं फाटलं होतं. गिऱ्हाइकाने फोटो पाठवले. पांढऱ्या गुठळ्या, त्यात खुपसलेली काठी, आणि मागे व्हार्निशविना रचून ठेवलेली बाकं. त्या कारखान्याने कामगारांना घरी बसवलं होतं.

मालकांनी तिला खोलीत बोलावलं. पत्र तयारच होतं. दलालाच्या माणसाने आपल्याला खोटं सांगून फसवलं, असा मजकूर होता, खाली तिची सही हवी होती. तो माणूस तिचा भाऊ आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं. सही केली तर भावाची तिसरी नोकरी जाणार होती. न करावी तर कारण सांगावं लागणार होतं.

"त्याने खोटं सांगितलं नाही," ती म्हणाली. "तीन-चार दिवस म्हणाला होता. पुढचं मी विचारलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही?"

"तो माझा भाऊ आहे."

मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसतं म्हणाले, "जा, बाई."

नोकरी राहिली, पण तिला निर्यातीतून काढून आत येणाऱ्या मालाच्या गोदामावर बसवलं. तिच्या जागी आलेल्या माणसाने मुकादमाच्या सल्ल्याने नवा माल पाठवला, वीस पिंपं विमानाने, बाकीची जहाजाने. तो नीट पोचला. मुकादम मुद्दाम गोदामात येऊन तिला हे सांगून गेला. त्यात टोमणा नव्हता, तरी तिला तो लागला.

भावाची नोकरीही टिकली. पण पहिलं काम बहिणीने पदरात टाकलं होतं, हे आता त्याच्या कचेरीत सगळ्यांना कळलं होतं. तो तिच्याकडे यायचा बंद झाला. ती दर रविवारी फोन करी, भावजय उचले, आणि तो नेमका अंघोळीला गेलेला असे. हे तीन महिने चाललं.

मग एका रविवारी त्यानेच फोन उचलला. मुलाला ताप होता, तो म्हणाला, आता उतरलाय. तिने औषध कुठलं ते विचारलं, त्याने नाव वाचून दाखवलं.

"ताई, तू सही केली असतीस तरी चाललं असतं," तो मग म्हणाला. "निदान कचेरीत मला फक्त नालायक म्हणाले असते. आता बहिणीच्या जिवावरचा नालायक म्हणतात."

ती काही बोलायच्या आत पलीकडे मूल रडायला लागलं, आणि तो फोन ठेवतो म्हणाला. पुढच्या रविवारी तिने पुन्हा फोन केला. भावजयीने उचलला.