वर्षाचं पित्त तासाभरात उतरलं

मंडळी, आज दुपारी मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटला, तोही तिच्या अंगावर उठलेल्या गांधींचा.

वर्षा शेंद्र्याहून आली ती हात खाजवतच. "ताई, पित्त उठलंय बघा. काल वांगं लई खाल्लं." तिनं आमसुलाचं पाणी चोळलं, एक गोळी घेतली. तासाभरानं आम्ही चहाला बसलो, तेव्हा तिचा हात नितळ होता.

माझ्या दंडावरच्या गांधी ल्युपसच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराच्या आहेत. गांध एका दिवसात उतरते का ते कळावं म्हणून, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, कालच एकीभोवती पेनानं गोल काढला होता. आजही ती तिथंच आहे, आणि खाजेपेक्षा आग जास्त आहे.

वर्षानं उरलेलं पाणी पुढं केलं. "लावून तर बघा, माझं गेलं की!"

"माझं तुझ्यासारखं साधं नाही," मी फटकन म्हणाले.

"व्हय, तुमचं सगळंच आमच्यापेक्षा भारी!"

दोघीही हसलो. पण ती जाईपर्यंत मी तिच्या हाताकडंच बघत होते, एखादी तरी गांध परत उठते का म्हणून.

हे आजारानं माझ्यात आणलं, की आधीपासूनच होतं? कुणाचं बरं होणं तुम्हाला कधी असं टोचलंय का?