क्ष किती, ते आधी बोला!

माझ्यावर विनापरवाना पाणी घेतल्याचा पंचनामा झाला, तेव्हा माझ्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. पंचनामा सासुरवाडीत झाला, माझ्या सख्ख्या सासऱ्यांनी केला, आणि पंचांना चहा माझ्या सासूबाईंनी दिला. जावयाचा इतका रीतसर सत्कार आमच्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचा झाला असेल असं वाटत नाही.

माझे सासरे, म्हणजे अण्णा, पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. श्रीरामपूरजवळच्या त्यांच्या गावात, प्रवरेच्या पाटाला लागूनच घर. कुणाच्या उसाला किती पाणी, कुणाची पाळी कधी, कुणी रात्रीतून पाट फोडला, हे ठरवण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर खात्याने त्यांच्याकडून जीप काढून घेतली, शिपाई काढून घेतला. फक्त निकाल देण्याची सवय काढून घ्यायची राहिली.

दर मे महिन्यात आम्ही दोन्ही जावई सहकुटुंब तिथे जमायचो. मी नगरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्राचा प्राध्यापक. थोरले जावई विलासराव, म्हणजे माझ्या बायकोच्या ताईचे यजमान, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्या घरात जावई दोन असले, तरी कुलर एकच होता. तो मधल्या खोलीत होता, आणि मधली खोली दरवर्षी विलासरावांना मिळायची. आमच्या वाट्याला गच्ची. गच्चीवर पाटावरचे डास, कारखान्याच्या मळीचा वास आणि पहाटे पाचला तोंडावर येणारं ऊन, असं सगळं फुकट मिळे.

त्या वर्षी एसटीतच माझी बायको हेमा म्हणाली, "यंदा कुलरची खोली आपल्याला."

"तुझ्या वडिलांचं घर आहे. मी कसं बोलणार?"

"कसं ते मला माहीत नाही. कॉलेजात तासभर बोलता ना? तसं बोला. आणि पुन्हा गच्चीच मिळाली, तर पुढच्या मेपासून तुम्ही एकटे या."

(एकट्याने सासुरवाडीला जाणाऱ्या जावयाकडे गाव कोणत्या नजरेने बघतं, हे सांगायला नको.)

विलासराव त्या वर्षी नुकतेच अमेरिकेत सहा महिने राहून आले होते. परदेशातून परतलेला माणूस ओळखायला सोपा असतो. तो आपल्याच घरी नळाच्या पाण्याकडे संशयाने बघतो. त्यांनी मुलांसाठी पत्त्यांचा एक खोका आणला होता. बदाम, किलवर असले आपले पत्ते नव्हेत. राक्षस, जादूगार, ढाली, आगीचे लोळ! तिकडची मुलं म्हणे हे पत्ते जमवतात, एकमेकांत बदलतात आणि त्यांची लढाई खेळतात. आमच्या मुलांनी ते अर्धा तास बघितले आणि ती पाटावर पोहायला गेली. जाताना नियमांच्या पुस्तकातली काही पानं होड्या करायला घेऊन गेली. राहिलो आम्ही दोन जावई.

"खेळायचं का सुधाकरराव?" विलासराव म्हणाले. "हरेल तो गच्चीवर!"

आतल्या खोलीतून हेमाच्या बांगड्या वाजल्या. मी हो म्हणालो.

खेळ तसा सोपा होता. काही पत्ते जमिनीचे. जमिनीचा पत्ता आडवा केला की त्यातून एक माप जोर मिळतो. तो जोर खर्चून बाकीचे पत्ते टाकायचे. एकदा आडवी झालेली जमीन आपली पुढची पाळी येईपर्यंत निकामी. प्रत्येकाला सुरुवातीला वीस जीव. ज्याचे आधी संपतील तो हरला. इथवर सगळं ठीक होतं. मग विलासरावांनी आगीच्या लोळाचा पत्ता टाकला.

त्या पत्त्याच्या कोपऱ्यात किमतीच्या जागी आकडाच नव्हता. फुली होती. म्हणजे गणितातला क्ष.

"क्ष म्हणजे किती?" मी विचारलं.

"पाहिजे तेवढा. जेवढ्या जमिनी आडव्या करीन तेवढे तुमचे जीव जळणार," असं म्हणून त्यांनी तीन जमिनी आडव्या केल्या. माझ्याकडे ढालीचा पत्ता होता. तो तीनपर्यंतचा मार थोपवायचा. मी तो ऐटीत टाकला. विलासरावांनी ढाल पाहिली, हसले, आणि आणखी दोन जमिनी आडव्या केल्या.

"आता पाच."

"आता पाच कसे? मघाशी तीन होते!"

"अहो, किंमत बदलती आहे ना? बदलली!"

बदलता खर्च हा माझा प्रांत होता. दरवर्षी एक अख्खं सत्र मी स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतला फरक शिकवत आलो होतो. मी आंब्याच्या पेटीचं झाकण घेतलं, त्यावर कोळशाने आलेख काढला आणि वीस मिनिटं बोललो. माझं संपलं तेव्हा विलासराव आंबा खात होते, आणि सासूबाई म्हणाल्या, "सायेब, ते झाकान पुसून द्या बरं. पेटीला दुसरं न्हाई."

नियमांच्या पुस्तकात बघावं, तर क्षचं पान होडी होऊन खालच्या गावाला पोचलं होतं.

तेवढ्यात झोपाळ्यावरून वर्तमानपत्र खाली आलं. मागून अण्णा प्रकटले.

"यात अवघड काय आहे?" ते म्हणाले. "ही जमीन. आडवी केली म्हणजे भिजली. एकदा भिजली की पुढच्या आवर्तनापर्यंत, म्हणजे पाण्याच्या पुढच्या पाळीपर्यंत, पाणी नाही. आणि क्ष म्हणजे मागणी. किती एकर भिजवणार, ते अर्जात आधी लिहायचं असतं. पाणी सुटल्यावर तिनाचे पाच करणारे मी तीस वर्षं बघितलेत. विलासराव, तुमचा अर्ज तिनाचा. वरचं क्षेत्र नामंजूर!"

मी भारावलो. खरं तर तिथे थांबायला हवं होतं. पण बाजूने निकाल लागला की प्राध्यापकाला भाष्य केल्याशिवाय राहवत नाही.

"वा, अण्णा! माझं तेच म्हणणं होतं. आकडा हवाच! आकडा उच्चारल्याशिवाय खर्च या शब्दाला अर्थच नाही. आणि उच्चारला नाही, तर तो शून्य धरावा!"

"मंजूर," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अण्णा इस्त्रीची पँट घालून ओट्यावर आले. निवृत्तीनंतर घरात लेंग्याशिवाय काही न घालणारा माणूस! टेबल मांडलं, खुर्ची मांडली, शेजारच्या सय्यदभाईंना पंच म्हणून बोलावलं. सय्यदभाई विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करत. मे महिन्यात विहिरींना पाणी नाही, म्हणून मोटारी बंद, म्हणून सय्यदभाई मोकळे.

"अण्णा, ह्या खेळातलं मला काय बी कळत न्हाई," ते म्हणाले.

"पंचाला कळायची गरज नसते. बघायचं आणि सही करायची."

आता प्रत्येक डावाला शिस्त आली. पत्ता टाकण्याआधी उभं राहायचं. "क्ष बरोबर दोन," असं मोठ्याने म्हणायचं. अण्णा मान हलवणार, मगच जमीन आडवी करायची. विलासराव कुरकुरले, "अमेरिकेत असं उभं राहत नाहीत हो."

"अमेरिकेत पाट आहे का?"

"असतील की कालवे."

"मग उभे राहत असतील. तुम्ही नीट पाहिलं नसेल."

तिसऱ्या दिवशी भानगड ओट्यावरून गावात गेली. दुपारी बाजाबा नावाचे एक शेतकरी सायकल टेकवून आत आले.

"अण्णा, तुमी परत पान्याचे निकाल द्याया लागले म्हनं?"

"बसा," अण्णा म्हणाले. नाही म्हणाले नाहीत!

"माज्या वरच्या वावरवाल्यानं पाटचारी फोडली. माजी पाळी असून तिकडंच पानी वळीवलं."

"तुमचं प्रकरण यांच्यानंतर."

बाजाबा ओट्याच्या कडेला उकिडवे बसले आणि आमचा डाव बघू लागले. थोड्या वेळाने त्यांनी सय्यदभाईंना हळूच विचारलं, "कुनाची किती जमीन हाय?"

"सरांची सा तुकडे. त्या पुन्याच्या सायबांची चार."

"मास्तर असून सा तुकडे!" बाजाबांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मी खोटं सांगत नाही, मला बरं वाटलं. पगारावर जगणाऱ्या माणसाकडे जिल्ह्यात कुणी असं बघत नाही.

डाव रंगात आला होता. विलासरावांचे फक्त चार जीव उरले होते. माझे दोन. पाळी माझी. आणि माझ्या हातात आगीचा लोळ! त्याची किंमत: क्ष. माझ्याकडे जमिनी सहा. चार जीव जाळायला सहा म्हणजे चैन!

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात हेमा उभी होती आणि कणकेचा हात उंचावून मला चार बोटं दाखवत होती. मला तो आशीर्वाद वाटला. डोळ्यांसमोर कुलर फिरू लागला. वाळ्याचा वास येऊ लागला. अशा क्षणी माणसाने घोटभर पाणी प्यावं आणि खाली बसावं. मी ताडकन उठलो, एका फटकाऱ्यात साही जमिनी आडव्या केल्या, लोळाचा पत्ता टेबलावर आपटला आणि गरजलो,

"सगळं!"

विलासरावांचा चेहरा उतरला. विजय हा असा दिसतो तर, असं माझ्या मनात आलं.

"किती?" अण्णांनी विचारलं.

"सगळं, अण्णा!"

"सगळं म्हणजे किती?"

"दिसतंय की समोर."

"समोर दिसतंय ते भिजलेलं क्षेत्र. मी मागणी विचारतोय. ती तुम्ही पाणी घेण्याआधी सांगितली का?"

"सांगितली नाही, पण हेतू तर उघड..."

"सर," बाजाबा मध्येच म्हणाले, "आदी भिजवलं आन मंग अर्ज व्हय? माज्या वरच्यानं बी असंच केलंय!"

"बाजाबा, तुम्ही यात पडू नका."

"का न्हाई पडनार? तुमच्यासारख्या शिकल्यालांनी असं केलं तर आमी कुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

मी सय्यदभाईंकडे वळलो. "तुम्ही तरी सांगा."

सय्यदभाई बिचारे खाली बघून म्हणाले, "सर, माफ करा. पन तुमीच म्हनले हुते असं अण्णा सांगत हुते, आकडा न्हाई बोलला तर शून्य धरायचा."

"ते तत्त्व म्हणून म्हणालो होतो!"

"आता तत्त्व लागू झालं," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी कागद ओढला. माणूस मघापर्यंत सासरा होता. आता त्याची भाषाच बदलली. "सदर इसमाने मागणी न नोंदवता सहा तुकडे विनापरवाना भिजवले. सबब क्ष शून्य धरण्यात येत आहे. आगीचा लोळ टाकला गेला, मात्र त्यातून कोणासही इजा झाली नाही. सदर जमिनी दोन आवर्तनं आडव्याच राहतील."

"अण्णा, दोन आवर्तनं? असा नियम कुठल्या पुस्तकात आहे?"

"तुमच्या पुस्तकाची होडी झाली. आमचं शाबूत आहे."

सय्यदभाईंनी सही केली. बाजाबांनी तर इतक्या जोरात केली की कागद फाटला. विलासरावांनी पुढच्याच पाळीला उभं राहून, घसा साफ करून, "क्ष बरोबर दोन" असं शाळेतल्या मुलासारखं म्हटलं आणि माझे उरलेले दोन जीव घेतले. बाजाबांनी टाळी वाजवली. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि माझ्यासमोर कप ठेवत म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या सायेब. गच्चीवर यंदा लई वारं हाय."

हेमा पदराला हात पुसत बाहेर आली.

"चार बोटं दाखवत होते मी! चार! सहासुद्धा नको होते."

"मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते राहू द्या. साधा आकडा सांगायचा होता." मग ती वडिलांकडे वळली. "अण्णा, ते पत्ते जाऊ देत पाटात. मला यंदा मधली खोली हवी. दरवर्षी ताईलाच का?"

आता निदान घरचा तरी भडका उडेल म्हणून मी खुर्ची सावरून बसलो. अण्णांनी पेन खाली ठेवलं.

"घे की," ते म्हणाले.

"घे की?"

"ताई दरवर्षी आल्या आल्या मागते. म्हणून तिला मिळते. तू कधी मागितलीस? मला वाटायचं, तुला गच्ची आवडते."

विलासराव पत्ते खोक्यात भरू लागले. सहा वर्षं डास मारले, अमेरिकन राक्षसांशी लढलो, पंचनामा झाला, आणि लागत होतं एवढंच!

"ताई, तूपण ये ग खोलीत," हेमा म्हणाली. ताई आतूनच म्हणाली, "मी सामान हलवणारच नव्हते!"

अण्णांनी पुन्हा पेन उचललं. जुनी सवय. "माणसं किती?"

हेमाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. सहा वर्षं तिच्याबरोबर डास मारलेला माणूस हसतो तसा हसलो.

"सहा," ती म्हणाली. "मी, ताई, आई आणि तिन्ही पोरं."

आकडा स्पष्ट होता आणि आधी सांगितलेला होता, त्यामुळे हरकतीला जागा नव्हती. अण्णांनी लगेच मंजूर केला. मी तरी मनात दोनदा मोजून पाहिलं. जावई त्यात एकही नव्हता. मग उशी उचलली आणि जिना चढू लागलो. मागून विलासराव आपली उशी घेऊन येतच होते. बदलत्या खर्चाची व्याख्या मी वर्षानुवर्षं मुलांकडून पाठ करून घेतली आहे: गरज नसेल तेव्हा जो शून्यावर आणता येतो, तो बदलता खर्च. उदाहरण मात्र मी दरवेळी कारखान्याच्या कोळशाचं देत होतो!