श्याम-शबलांची दोन पानं

बनारसमधल्या दूधविनायकच्या गलीत शरदिनी पुणतांबेकर म्हणून पत्ता विचारलात तर चार लोक विचारात पडतील. पण 'कुत्तेवाली ताई' म्हणा, पानवाला हातातलं काम टाकून तुम्हाला त्यांच्या दारापर्यंत सोडून येईल. साठी उलटलेली बाई, बत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढलेली, अंगावर सुती साडी आणि पायात चक्क बूट. दर रविवारी सकाळी सात वाजता त्यांच्या गच्चीवर कार्यशाळा भरते, एकाच घरात राहून एकमेकांच्या जिवावर उठलेल्या कुत्र्यांची. कुत्र्यांची म्हणायची आपली, कारण पहिले दोन रविवार कुत्र्यांना तिथे यायलाच बंदी! 'आधी माणसं शिकू देत,' असं ताई तोंडावर सांगतात. लोकांना राग येतो. येऊ दे. पुढच्या रविवारी तेच लोक पावणेसातलाच जिन्यात उभे असतात.

कस्तुरी सप्रे पहिल्यांदा तो जिना चढली तेव्हा तिच्या उजव्या हाताला नऊ टाके होते.

कस्तुरी ही ब्रह्मा घाटाजवळच्या सप्र्यांची सून. नवरा मुकुल रेल्वेत, त्याच्या ड्युटीला ना वेळ ना काळ. सासरे नीलकंठशास्त्री, सगळ्या मोहल्ल्याचे अण्णा, वय चौऱ्याहत्तर, घरी वेदांची शाळा चालवून आता निवृत्त झालेले. सासूबाई, आनंदीबाई, गेल्याला वर्ष होत आलं होतं. आणि घरात दोन कुत्रे. मोठा काळा, धाकटा ठिपक्याठिपक्यांचा. श्राद्धात कुत्र्याचा घास घालताना यमाच्या दोन कुत्र्यांची नावं घेतात, श्याम आणि शबल. अण्णांनी तीच या दोघांना ठेवली होती. आनंदीबाई यावर खूप चिडल्या होत्या म्हणे. 'घरातल्या लेकरांना यमाची नावं ठेवतात का कुणी?' शबल त्यांनी घाटाच्या पायऱ्यांवरून पदरात गुंडाळून आणला होता, आणि शेवटच्या दुखण्यात तो त्यांच्या खाटेखालून हलला नव्हता.

त्या गेल्या आणि दोघांचं बिनसलं. आधी नुसतं दातओठ खाण्यापर्यंत, मग रक्त निघेपर्यंत. एका दुपारी दोघं एकमेकांच्या गळ्याला भिडले, कस्तुरीने शबलचा पट्टा धरून ओढला, आणि श्यामचे दात तिच्या मनगटात रुतले. मग टाके, इंजेक्शनं, सगळं आलंच. त्या संध्याकाळी अण्णांनी निकाल देऊन टाकला. श्याम घरात जुना, म्हणून आनंदीच्या वर्षश्राद्धाआधी शबलला उस पार सोडायचं. मोहन नावाड्याशी बोलणंही झालं. उस पार म्हणजे गंगेपलीकडची वाळू, जिथे सावली नाही, माणूस नाही. बनारसमध्ये नको झालेली कुत्री पुष्कळदा तिथे सोडतात आणि घरी येऊन हात धुतात. मला तर या गोष्टीचा इतका संताप येतो की काय सांगू! पण अण्णा दुष्ट नव्हते. ते घाबरले होते. घरात सून एकटी, तिचा हात फाटलेला. कस्तुरीलाही ते कळत होतं, आणि तरीही शबलला नावेत बसवणं तिला पटत नव्हतं.

म्हणून ती ताईंकडे गेली, आणि गयावया करून अण्णांनाही घेऊन गेली.

त्या दिवशी ताईंनी काय केलं ऐका. जिन्याजवळ एक बोळ आहे, जेमतेम हात पसरता येतील एवढा. त्यात एका बाजूला अण्णांना उभं केलं आणि दुसऱ्या बाजूला साडीच्या दुकानाचे एक गोलमटोल मालक. मधोमध जमिनीवर पानांचा एक दोना, त्यात गरम जिलेबी. बाकीच्या पंधरा जणांना सांगितलं, 'आता या दोघांच्या नावानं ओरडा. जोरात!' सगळे घसा ताणून ओरडू लागले. मालक दोन्याकडे वाकले, अण्णा 'अहो, अहो, शिवू नका!' म्हणत मागे सरले, मागे भिंत, मालकांचा खांदा लागलाच, आणि अण्णांसारख्या माणसाने मालकांना चांगलं ढकललं की हो! ताईंनी हात वर करून ओरडणं थांबवलं.

'का ढकललंत, अण्णा?' ताईंनी विचारलं.

'जागा कुठे होती मागे सरकायला?' अण्णा लालबुंद झाले होते.

'बस. एवढंच शिकायचंय आज,' ताई म्हणाल्या आणि जिलेबी सगळ्यांना वाटून टाकली. अण्णा बाहेरचं खात नाहीत, त्यांना केळं दिलं.

दुसऱ्या रविवारी गुरगुरण्याचा विषय निघाला. अण्णा छाती पुढे काढून म्हणाले, 'आमच्या घरी गुरगुरायची प्राज्ञा नाही. एक हाक मारली की गप होतात.' ताईंनी कपाळाला हात लावला. 'अण्णा, तो गुरगुरतो म्हणजे सांगतो, की बाबा रे, लांब राहा. तुम्ही त्याचं सांगणंच बंद केलंत. मग त्याच्याकडे उरलं काय? दात!' आणि मग त्यांनी शिकवलं की दोन कुत्रे भिडले तर मध्ये हात घालायचा नाही, त्यांची नावं घेऊन ओरडायचं नाही, काहीतरी सपाट वस्तू दोघांच्या मधे सरकवायची. फळी, परात, सुटकेस, हाताला येईल ते. एकमेकांना दिसेनासे झाले की अर्धं भांडण तिथेच मिटतं.

घरी पाठवताना त्यांनी कस्तुरीला दोन कामं सांगितली. आधी जनावरांच्या डॉक्टरकडे जा, आणि कुरबूर कधी, कुठे होते ते दहा दिवस लिहून काढ. डॉक्टरांनी श्यामचा कान उघडला तर आत चांगली पिकलेली जखम! किती महिने ते मुकं जनावर ठणका सोसत होतं, आणि घरचे सगळे त्याला माजला म्हणत होते. कस्तुरीला इतकी लाज वाटली की तिने तिथेच त्याच्या डोक्यावर डोकं टेकून रडून घेतलं.

आणि वहीत काय निघालं? दहा दिवसांत सात वेळा गुरगुर, सातही वेळा दुपारी साडेअकरा ते साडेबारा, सातही वेळा दारामागच्या बोळकंडीत. गच्चीवर एकदाही नाही, अंगणात एकदाही नाही.

ताई वही घेऊन स्वतः ब्रह्मा घाटाला आल्या. घर बघितलं, बोळकंडी बघितली, मग अण्णांसमोर येऊन बसल्या. झालं होतं असं. आनंदीबाई होत्या तोवर दुपारी अण्णांचं सोवळं सुरू झालं की त्या शबलला घेऊन गच्चीवर जाऊन बसायच्या, तांदूळ निवडत. त्या गेल्यावर सोवळ्यातल्या माणसाला शिवू नयेत म्हणून दोन्ही कुत्र्यांना त्या तीन हाती बोळकंडीत एकत्र कोंडायला सुरुवात झाली. आत वरणभाताचा वास. तासभर वाट. आणि शेवटी अण्णा दार किलकिलं करून, अंग चोरून, रोजच्या जेवणातल्या कुत्र्याच्या घासाचं पान आत सरकवायचे. एक पान. दोन कुत्रे.

'रोज जिलेबीचा दोना ठेवताय तुम्ही त्यांच्यामधे,' ताई म्हणाल्या.

'शास्त्रात एकाच जागी घालतात घास,' अण्णा म्हणाले. 'आज तू मला शिकवणार?'

'घास घालताना नावं किती घेता?'

अण्णांनी नाइलाजाने दोन बोटं वर केली.

'दोन घेता ना? मग पानं दोन काढा. एक बोळकंडीत, एक गच्चीवर, मधे दोन दारं बंद. आणि शबलला वर मी नाही नेणार, कस्तुरी नेईल, रोज, सोवळं सुरू व्हायच्या आधी.' मग म्हणाल्या, 'अण्णा, श्राद्धाच्या दिवसापर्यंत थांबा. त्या दिवशी भांडले, तर संध्याकाळी मी स्वतः शबलला नावेत बसवून देते.'

'शब्द?'

'शब्द.'

दोन दिवस अण्णांनी एकच पान काढलं. तिसऱ्या दिवशी दुपारी कस्तुरीने बघितलं, ते खाली मान घालून केळीचं दुसरं पान कापत होते.

पुढचे चार आठवडे कस्तुरीने घासून काम केलं. शबलला 'चल वर' म्हटलं की जिना चढायचा, हे पन्नास-पन्नास वेळा. दोघांना घाटावर फिरवायचं ते एकाला तिने आणि एकाला मुकुलने, मधे वीस पावलं, मग पंधरा, मग दहा. एकदा माकडाने सगळा खेळ उधळला, पुन्हा वीस पावलांपासून सुरुवात. रोज संध्याकाळी ताईंचा फोन. 'काय गं, आज कसं?' बिघडलं असेल तर कधी रागावल्या नाहीत, फक्त विचारायच्या, 'तू कुठे उभी होतीस?' अशी चिकाटी मी तरी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. या कामाचा छदाम घेत नाहीत, आणि बँकेत लोन बुडवणाऱ्यांच्या मागे लागल्या नसतील तेवढ्या या कुत्र्यांच्या मागे लागतात!

श्राद्धाचा दिवस उजाडला. घरात बारा माणसं, स्वयंपाकघरात वडे तळले जातायत, मुकुल विधी करतोय आणि सोवळ्यातले अण्णा त्याच्या बाजूला पाटावर बसून मंत्र सांगतायत. श्याम बोळकंडीत. शबल गच्चीवर, दाराला कडी. कस्तुरीने दाराला कागदही चिकटवला होता, 'दरवाजा न खोलें'. पण आपल्याकडे कागद वाचतो कोण? जेवायला बोलावलेल्यांपैकी एक गुरुजी हात धुवायला जागा शोधत वर गेले आणि त्यांनी कडी काढली. तिकडे दुसरा कुणी उशिरा आलेला पाहुणा बोळकंडीचं आतलं दार सताड उघडून आत आला.

कस्तुरीला जिन्यावर पायांचा आवाज ऐकू आला आणि ती हातातलं टाकून धावली. शबल जिना उतरून वड्यांच्या वासावर थेट मधल्या खोलीत. समोर श्याम. मान ताठ, ओठ वर, आणि घशातून ती खोल गुरगुर.

बारा माणसं जागच्या जागी. अण्णांनी तोंड उघडलं. कस्तुरीला माहीत होतं आता काय येणार, आयुष्यभर त्या आवाजाने घर हललं होतं. पण अण्णांनी तोंड मिटलं. ते उठले, बुडाखालचा पाट उचलला, तसेच दोन पावलं पुढे गेले आणि तो पाट उभा करून दोन्ही कुत्र्यांच्या मधे धरला. श्यामचं नाक त्यांच्या सोवळ्याला घासलं. ते हलले नाहीत. श्याम गुरगुरत राहिला, कुणी त्याला गप केलं नाही.

'शबल, चल वर,' कस्तुरी म्हणाली. शबलने एकदा पाटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि वळून जिना चढला. तिने वर जाऊन कडी लावली आणि पुन्हा कुणी उघडू नये म्हणून दाराला पाठ लावून तिथेच बसली.

'अहो अण्णा, कुत्र्याला शिवलात की!' कुणीतरी म्हणालं.

'शिवलो,' अण्णा म्हणाले. 'नळाला पाणी आहे. परत अंघोळ करून येतो. तुम्ही थांबा.'

आणि बारा माणसं पाऊण तास उपाशी थांबली. मग घास निघाला. दोन पानं. अण्णांनी एक बोळकंडीत ठेवलं आणि दुसरं घेऊन, गुडघ्यांवर हात देत, स्वतः जिना चढले. कस्तुरी मागून म्हणाली, 'अण्णा, मी नेते.' ते म्हणाले, 'ही तिची जागा होती गं. आज मला जाऊ दे.'

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे मोहन नावाडी दारात आला आणि त्याच्या मागोमाग ताईही आल्या, दिलेल्या शब्दाला जागून. अण्णांनी मोहनला चहा दिला आणि सांगितलं, 'जाओ भइया, कोई नहीं जा रहा.' तो हसून निघून गेला.

कस्तुरीला राहवेना. 'ताई, समजा भांडले असते, तर खरंच बसवलं असतंत नावेत?'

'छे! साफ खोटं बोलले,' ताई म्हणाल्या. चहाचा कप खाली ठेवला. 'एकदा बसवलंय. अकरा वर्षं झाली. माझ्या घरात दोघी होत्या, रोज मारामाऱ्या. मला काही कळत नव्हतं, सगळे म्हणाले एकीला सोडा. मी या हातांनी तिला नावेत बसवलं. गप बसली हो, तिला वाटलं फिरायला निघालोय. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उस पार गेले. एकोणीस दिवस रोज जात होते. नाही सापडली.'

कस्तुरीला आता वाळूत हिंडलेल्या त्या पायातल्या बुटांकडेही बघवेना. मग अण्णांनी हळूच विचारलं, 'नाव काय होतं तिचं?'

अकरा वर्षांत ताईंना जो भेटला त्याने 'बरं केलंत' म्हटलं होतं, नाव कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी पदराने डोळे पुसले, पुन्हा पुसले.

'गोदी,' त्या म्हणाल्या.