खांबाला नेसवलेली चंद्रकळा

कोलकात्यात मी एका सज्जन माणसाला लोकरीने मारलं. माणूस ठणठणीत आहे, रोज सकाळी मासळीची पिशवी घेऊन माझ्याच खिडकीखालून जातो. पण एका संध्याकाळपुरता तो भवानीपूरच्या आमच्या गल्लीत रीतसर वारलेला होता, आणि ती करणी माझी होती.

ह्यांची बँकेतून कोलकात्याला बदली झाली आणि आम्ही या गल्लीत राहायला आलो. दोन वर्षं होत आली तरी गल्लीच्या लेखी मी "त्या बँकवाल्यांची बायको" एवढीच! संध्याकाळी समोरच्या ओट्यावर बायकांचा अड्डा भरायचा. त्यांचं खिदळणं थेट माझ्या स्वयंपाकघरात यायचं आणि मी इकडे एकटी कुकरच्या शिट्ट्या ऐकत बसायचे. मला त्या ओट्यावर जागा हवी होती. अगदी कोपऱ्यातली, अर्धी मांडी टेकेल एवढीसुद्धा चालली असती.

म्हणून अड्ड्याच्या म्होरक्या मितालीदींनी "या हिवाळ्यात गल्ली सजवायची, भिंतींवर चित्रं आणि बाकी सगळ्याला लोकर" असं जाहीर केलं, तेव्हा सगळ्यांत आधी माझा हात वर गेला.

"यार्न बॉम्बिंग म्हणतात याला," मी ह्यांना ऐटीत सांगितलं.

"नावात बॉम्ब आहे," हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "फोर्ट विल्यमची लष्करी छावणी इथून जवळ आहे. फोनवर बोलताना जपून."

पण गल्ली काय दिसायला लागली म्हणून सांगू! विजेच्या पेटीवर भलाथोरला मासा पोहायला लागला. सार्वजनिक नळाला लाल माकडटोपी आली. (कोलकात्यात हवा जराशी गार झाली की माकडटोपी चढते, मग नळानेच काय पाप केलंय?) कडुलिंबाच्या बुंध्याला पट्ट्यापट्ट्यांचा मोजा चढला. ऑफिसला निघालेली घाईतली माणसं थांबून नळाच्या टोपीला हात लावायची आणि खुदकन हसायची. मला तर इतका आनंद झाला होता की घरात रोज खिचडीच शिजत होती.

माझ्या वाट्याला आला घोषालबाबूंच्या फाटकासमोरचा खांब. घोषालबाबू आमचे लगतचे शेजारी. निवृत्त हेडमास्तर, एकटेच राहणारे. ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी हावड्याला मुलीकडे गेले होते.

"फाटकही घेऊ का?" मी विचारलं.

"घ्या की! अगदी तुमच्या मनासारखं करा," मितालीदी म्हणाल्या.

झालं! संक्रांत तोंडावर आलेली. मराठी बाईच्या मनात संक्रांतीला दुसरा कुठला रंग येणार? खांबाला काळीभोर चंद्रकळा नेसवायची आणि फाटकाला हलव्याचा हार घालायचा, नव्या सुनेला घालतात तसा! पांढऱ्या लोकरीचा एकेक दाणा मी क्रोशाने अस्सा काटेरी विणला, की मुंग्या लागाव्यात.

संक्रांतीच्या दुपारी गल्ली जेवून झोपली. (दुपारची झोप हा पुण्याचा शोध आहे, हा माझा गैरसमज इथे आल्यावरच गेला.) तेवढ्यात आम्ही शिडी लावून काम उरकलं.

"अगं, जरा गंभीर नाही का वाटत?" शिडीवरून हे म्हणाले.

"संक्रांत आहे! तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

संध्याकाळी मी काळी साडी नेसले, ह्यांना काळा कुर्ता घातला, तिळगुळाचा डबा घेतला आणि खाली आले. बघते तर काय, फाटकासमोर ही गर्दी! सगळ्यांच्या माना खाली. खांबाच्या पायथ्याशी निशिगंधाचे गुच्छ, शेजारी उदबत्ती. एका गृहस्थांनी तर चपला काढून खांबाला हात जोडले.

"बघा," मी ह्यांच्या कानात म्हटलं, "दाद देणं म्हणजे काय ते या लोकांकडून शिकावं!"

मितालीदी डोळे पुसत पुढे आल्या आणि त्यांनी मला मिठीच मारली.

"किती प्रेमानं केलंत हो!"

"अहो, त्यात काय! फार दिवस मनात होतं. कधी एकदा मुहूर्त लागतोय असं झालं होतं मला."

मितालीदी जरा मागे सरकल्या.

मी डबा उघडला आणि सगळ्यांमधून फिरले. "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला!" माणसं लाडू हातात धरून माझ्याकडे नुसती बघत राहिली. तेवढ्यात गल्लीतल्या क्लबच्या सेक्रेटरींनी एक खुर्ची मांडली, तिच्यावर घोषालबाबूंचा फोटो ठेवला, आणि खिशातून कागद काढून घसा खाकरला.

"मितालीदी, हा फोटो कशाला?"

"कशाला म्हणजे? घोषालबाबू गेले ना!"

मला रडूच कोसळलं. खोटं नाही सांगत. इथे आल्या आल्या, कुठे काय मिळतं कळत नसताना, हा एकच माणूस आपणहून दार वाजवून "काही हवं का?" विचारून गेला होता. "कधी गेले? कोणी सांगितलं?" मी हुंदके देत विचारलं.

"तुम्हीच!" मितालीदी थक्क. "शेजारी तुम्ही, काळं तुम्ही गुंडाळलंत, पांढरा हार तुम्ही घातलात, काळे कपडे घालून तुम्हीच आलात! आम्ही म्हटलं, हावड्याहून पहिला फोन तुम्हालाच आला असणार."

"पण मोतीबिंदूने कोणी मरतं का?" ह्यांनी विचारलं.

"आम्हीही तेच म्हणत होतो! पण वय बघा ना."

"अहो, मुलीला फोन करून विचारायचं!"

"अशा वेळी? बरं दिसतं का ते?"

मी संक्रांत, चंद्रकळा, हलवा असं काहीबाही समजावून सांगायला लागले, तोच पिवळी टॅक्सी येऊन थांबली. काळा चष्मा लावलेले घोषालबाबू उतरले. त्यांनी फाटक पाहिलं, हार पाहिला, फोटो पाहिला. आता हा माणूस जन्मात माझं तोंड पाहणार नाही, ओटा तर विसराच, आता सामान बांधायचं, असं माझ्या मनात येऊन गेलं.

"हा फोटो कोणी निवडला?" घोषालबाबूंनी विचारलं. "यात माझं तोंड उघडं आहे."

सेक्रेटरी हळूच कागद खिशात सारू लागले.

"थांबा! वाचा ते. नंतर मला ऐकू येणार नाही."

आणि घोषालबाबू फोटो मांडीवर घेऊन त्याच खुर्चीत बसले! सेक्रेटरींनी पूर्ण भाषण वाचलं. हेडमास्तरांनी मध्ये थांबवून त्यांचे उच्चार सुधारले, आणि "हसतमुख" या शब्दाशी मान डोलावली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बौदी, तो लाडू द्या इकडे." (बौदी म्हणजे वहिनी.) तो खाऊन झाल्यावर काळा रंग तुमच्याकडे शुभ कसा ते त्यांनी नीट विचारून घेतलं, आणि "मग राहू दे, मी आहे तोवर," असा निकाल दिला. कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग अख्खी गल्ली पोट धरधरून हसली. मितालीदींनी माझा दंड धरून मला ओढतच ओट्यावर नेलं. "बस गं इथे," म्हणाल्या, "तुला एकटी सोडणं धोक्याचं आहे!"

तेव्हापासून मी गल्लीची आहे. इतकी, की कोणाचं माणूस दवाखान्यात दाखल झालं की घरचे आधी देवाला हात जोडतात आणि मग माझ्याकडे येतात: "बौदी, ते घरी येईपर्यंत विणकाम बंद ठेवशील ना?" परक्यांचं एक वेळ समजू शकते मी. पण परवा ह्यांना नुसती दाढ काढायला जायचं होतं, तर निघताना ह्यांनी माझ्या सुया कपाटात टाकल्या, कुलूप लावलं आणि किल्ली नेऊन मितालीदींकडे ठेवली!